खुंटी कुणी वर केली?

गंगावेशीच्या मागच्या बोळात गेल्या आषाढात एकच प्रश्न गाजत होता. महापालिकेची निवडणूक लागणार की नाही हा प्रश्नसुद्धा त्याच्यापुढं फिका पडला. प्रश्न असा: चिमणाबाईच्या गोठ्यातली खुंटी कुणी वर केली?

आता खुंटी ती केवढी? बाभळीची, वीतभर बाहेर आलेली, दाव्याच्या घासण्यानं काळी कुळकुळीत झालेली. चिमणाबाईच्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी ठोकली होती. नवरा गेला, खुंटी राहिली. त्या घरात एक कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. खुंटीला दावं जो अडकवतो, गोठा त्याचा. नवऱ्यामागं ते दावं चिमणाबाईनं अडकवलं, तेही न बघता, हात मागं टाकून. बायका अंबाड्यात आकडा खोवतात ना, तसं.

त्या दिवशी दावं खाली पडलं. पुन्हा टाकलं, पुन्हा पडलं. टाचा उचलून टाकलं, तेव्हा कुठं खुंटीच्या नाकावर टेकलं आणि तिथनं सरळ चिमणाबाईच्या डोक्यावर आलं.

"क्रांती," तिनं सुनेला हाक मारली, "खुंटी कुणी वर केली?"

क्रांती भाकरी थापत होती. "कुठली खुंटी, आत्ती?"

"मुंबैची. अगं, आपल्या घरात खुंट्या किती हायत?"

"मी कशाला वर करू? मला तिथवर हात पुरतोय व्हय?"

"तुला पुरत न्हाई म्हनूनच म्हंती. मला बी पुरू नये असं वाटलं आसंल."

झालं. भाकरी करपली. संध्याकाळी मुलगा हंबीरराव घरी आला, त्याच्यावर दुसरा संशय. त्यानं शपथ घेतली. तिसरा संशय शेजारच्या आकारामवर. तो स्वतः गवळी, त्याच्या दारात सहा म्हशी, पण डोळा मात्र चिमणाबाईच्या एकुलत्या एका म्हशीवर. आकाराम म्हणाला, "काकी, मी रातचा येऊन तुमची खुंटी वर करीन? मला काय दुसरा उद्योग न्हाई?"

"उद्योग हाय की," चिमणाबाई म्हणाली. "पर तो करताना बी तुला कुनी बघितलेलं न्हाई."

इथं थोडं मागं जायला हवं, कारण चिमणाबाईचं तोंड पहिल्यापासून असं नव्हतं.

पूर्वी ती बोळातली सगळ्यात मुकी बाई होती. संध्याकाळ झाली की चार म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर उभी राहायची. कट्ट्याची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: गिऱ्हाईक पुढ्यात, धार थेट पेल्यात, वर बोटभर फेस. मिशीला फेस लागला नाही तर दूध प्यालं असं कोल्हापुरात धरत नाहीत. आणि दूध पिताना माणूस फार खरं बोलतो. दारू पिऊनही बोलतो, पण ते सकाळी नाकारता येतं. दुधाचं नाकारता येत नाही. त्यामुळं कुणाच्या घरी काय शिजतं, कुणाची सोयरीक का मोडली, कोण कुणाच्या दारावरनं उगीच दोनदा सायकल नेतो, हे सगळं चिमणाबाईच्या कानात जात होतं. आणि तिथनं पोटात. वर काही येत नव्हतं. लोक म्हणायचे, चिमणाबाईचं पोट म्हणजे पंचगंगेचा डोह.

दोन वर्षांमागं तिला घास उतरेना. भाकरीचा तुकडा खाल्ला तरी पोट तट्ट. अंगावरचं मांस दिसामाशी गळायला लागलं. दुर्बीण घातली आणि जठरात गाठ निघाली. कॅन्सर. मोठ्या दवाखान्यात तिचं अख्खं जठर काढून टाकलं आणि अन्ननळी थेट आतड्याला जोडली. बोळात बातमी पोचली ती अशी: चिमणाबाईचं पोट काढलं.

"मग जेवलेलं जातंय कुठं?" कुणी तरी विचारलं.

"डायरेक्ट," आकाराम म्हणाला.

दवाखान्यातनं सोडताना संयोगिता डॉक्टर खाटेपाशी बसली. ही आजऱ्याकडची मुलगी, बोलणं तिकडच्या घनसाळ भातासारखं मऊ. तिनं समजावलं की आता थोडं थोडं खायचं, पण सारखं खायचं. गोडाचं एकदम खाल्लं तर घाम फुटेल, गरगरेल. "तेव्हा मावशी, पेढे बंद. बासुंदी बंद. जिलबी तर अजिबात बंद."

चिमणाबाई उठून बसली. "जिलबी बंद? अवो, ती घरात हाय. तिला कुठं घालवू?"

जिलबी ही तिची धाकटी म्हैस. शिंगं अशी वळलेली की हलवायानं वेटोळं टाकावं. ऑपरेशनाच्या धांदलीत बाकीच्या तीन म्हशी दुसऱ्यांच्या दावणीला गेल्या, जिलबी तेवढी राहिली. डॉक्टरीण बिचारी म्हणाली, "घरात असू द्या, खाऊ नका." चिमणाबाईनं कपाळाला हात लावला. गवळ्याच्या घरात म्हैस खायची गोष्ट करणारी डॉक्टर तिनं पहिल्यांदाच बघितली.

घरी आल्यावर मात्र एक चमत्कार झाला. बाईचं तोंड उघडलं. शेजारीण बघायला आली आणि जाता जाता म्हणाली, "तेवढं आमच्या पोरीचं तुमच्या पोटातच ठिवा हं."

चिमणाबाई म्हणाली, "कुठं ठिवू? पोटच न्हाई."

तिथनं सुरू झालं. चाळीस वर्षांचा माल, आणि कोठारच काढून टाकलेलं. आकाराम मिशीला लावतो तो कलप नसून दिवाळीच्या पाडव्याला म्हशीच्या शिंगाला लावायचा काळा रंग आहे, हे बोळाला तिच्याकडनंच कळलं. आकारामला तेव्हापासून पोटशूळ उठला. ज्याला पोट होतं त्यालाच उठणार.

तर अशा बाईची खुंटी वर गेली होती. आठवडाभर तिनं बोळ डोक्यावर घेतला. शेवटी निकाल लावला नजीरानं. नजीरा म्हणजे समोरच्या बाबालाल मुलाण्याची बायको. दोघींची लग्नं एकाच वर्षीची, आणि भांडणंही तितकीच जुनी. ती गोठ्यात आली, खुंटीखाली उभी राहिली आणि भिंतीवरनं बोट फिरवलं.

"चिमणे, हितं चुना बघ. जुना हाय का नवा?"

"जुना."

"कोळ्याचं जाळं बघ. किती वर्साचं आसंल? खुंटी उपटून वर ठोकली तर जाळं ऱ्हाईल का?"

चिमणाबाई गप्प झाली. हे तिच्या बाबतीत इतकं क्वचित व्हायचं की क्रांती चुलीपुढनं उठून बघायला आली.

"हितं ये. माझ्याजवळ उभी ऱ्हा," नजीरा म्हणाली. दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. लग्नात चिमणाबाई नजीरापेक्षा चार बोटं उंच होती. त्यावरनं तिनं नजीराला जन्मभर 'बुटकी' म्हणून चिडवलं होतं. नजीरानं खाली बघितलं. खाली, हं. "तुझ्या भांगातलं पांढरं मला वरनं दिसाय लागलंय. खुंटी वर गेली न्हाई, बये. तू खाली आलीस."

चिमणाबाईला तेव्हा लुगड्याची आठवण झाली. काही महिने ते पायात येत होतं, आणि ती क्रांतीवर डाफरत होती की तू धुताना ताणतीस. पण हे ती बोलली नाही. पोट नसताना जेवढं आत ठेवता येतं तेवढं ठेवलं.

"वय झालं की मानूस खालीच येतंय," ती म्हणाली. "तू बी येशील. तवा परत मोजू."

श्रावणात एके सकाळी तिनं पाण्याची बादली उचलली आणि पाठीत कट्‌ असा आवाज झाला. वाळकी काटकी मोडावी तसा. बादली सुटली, पाणी सांडलं, आणि चिमणाबाई जिलबीच्या पायाशी बसली ती उठेना.

दुपारपर्यंत बोळाचं निदान झालं. कुणी मोठ्यानं बोललं नाही. बोळात अशा गोष्टी हळू बोलतात, फक्त सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्याच हळू. "हाडात उतरला." कॅन्सरचं असंच असतं म्हणे. पोटातनं काढला की हाडात उतरतो. बायका भेटायला येऊ लागल्या. येताना दूध आणू लागल्या. गवळणीच्या घरी दूध! एकीनं आग्रहानं पेलाभर पाजलं. दूध आतड्यात गेलं तशी चिमणाबाई घामानं डबडबली, काळीज धडधडायला लागलं, डोळ्यापुढं अंधारी आली. पाजणारीनं बाहेर जाऊन सांगितलं, "आता काय खरं न्हाई. दूध बी जात न्हाई." आयुष्यभर गावाला दूध पाजलं आणि स्वतःला घोट पचेना, ही गंमत चिमणाबाईला त्याही अवस्थेत कळत होती. फक्त हसलं की पाठीत कळ जायची.

आकारामही आला. नारळपाणी घेऊन आला. खाटेपाशी बसून "काकी, कसं काय" म्हणाला आणि नजर गोठ्याकडं. जिलबी त्या वर्षी अशी काही भरली होती की बघत राहावं. कातडी तुकतुकीत, पाय खांबासारखे, चालली की फरशी दणाणायची. आकाराम बाहेर गेला आणि ओट्यावर हंबीररावशी बोलत बसला. खाटेवरच्या माणसाला ऐकू येत नाही, असं धडधाकट लोकांना का वाटतं कुणास ठाऊक.

हंबीरराव तसा गुणी मुलगा. बिद्रीच्या साखर कारखान्यात नोकरी, हंगाम लागला की मुक्काम तिकडंच. तो म्हणत होता, "दिवाळी झाली की मी जानार. हिकडं आईनं परत बादली उचलली तर? क्रांती एकटी काय काय बघंल?"

"म्हनून म्हंतो, जिलबी मला दे," आकाराम म्हणाला. "माझ्या दारात ऱ्हाईल, काकींच्या डोळ्यासमोर. पाडव्याला मीच तिला पळवतो. त्या दिवसापासनं माझी."

मग हंबीरराव म्हणाला, "बरं. शब्द दिला."

चिमणाबाई आढ्याकडं बघत पडली होती. हाडात उतरला, हे तिनंही ऐकलं होतं. मरायचं तर मरू, एवढा विचार तिनं दोन वर्षांपूर्वीच करून टाकला होता. पण आपण अजून घरात असताना दावं दुसऱ्याच्या हातात? तिनं हाक मारली, "नजीरा, ए नजीरा. रिक्षा बलीव. डॉक्टरकडं जायाचंय."

दवाखान्यात फोटो काढले, हाडांची घनता मोजली, आणखी मोठा स्कॅन झाला. चार दिवसांनी संयोगिता डॉक्टर कागद पुढ्यात घेऊन बसली. या बाजूला चिमणाबाई, तिचा हात धरून नजीरा.

"मावशी, गाठ परत आलेली नाही," डॉक्टर पहिल्यांदा तेच म्हणाली. "हाडात कॅन्सर नाही. हाडं झिजलीत. फार झिजलीत. मणके दबलेत, एक नाही, दोन. आधीचा कधी दबला ते तुम्हाला कळलंही नसेल."

"कळलं हुतं," चिमणाबाई म्हणाली. "आठवडाभर सुनंला शिव्या देत हुती."

डॉक्टरला काही समजलं नाही. ती पुढं सांगत गेली. जठर नसलं की खाल्लेल्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, ड जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. खाणंही कमी. पण रक्ताला कॅल्शियम लागतंच. मग शरीर ते हाडातनं काढून घेतं.

"म्हंजे घराचं आढं मोडून चुलीत घालायचं."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाली. "म्हणून तर गोळ्या दिल्या होत्या. पांढऱ्या, मोठ्या. बी-बाराचं इंजेक्शन तुम्ही वेळेवर घेतलंय. गोळ्या पण घेतल्या ना रोज?"

चिमणाबाई खिडकीबाहेर बघायला लागली.

"मावशी?"

"जिलबीला घातल्या."

डॉक्टरचा आवाज पहिल्यांदा चढला. "जिलबीवर घालून खाल्ल्या? जिलबी बंद सांगितली होती ना मी?"

नजीराला राहवलं नाही. "डॉक्टर, जिलबी म्हैस हाय ओ."

मग सगळं बाहेर आलं. गोळ्यांच्या डबीवर काय आहे ते क्रांतीनं वाचून दाखवलं होतं: कॅल्शियम. आणि कॅल्शियम कशाला देतात हे गवळणीला कुणी शिकवायचं? म्हैस व्याली की ढेपाळते, तेव्हा तिला कॅल्शियमची बाटली पाजतात. गवळ्याचं शेंबडं पोर सांगेल. चिमणाबाईनं विचार केला, मी काय व्यालीय? व्याली जिलबी. डॉक्टरनं चुकून म्हशीचं औषध लिहिलंय. तेव्हापासून दोन वर्षं, सकाळ-संध्याकाळ, गोळी जिलबीच्या आंबोणात. औषध वाया घालवायचं नाही, हा तिचा बाणा.

डॉक्टरनं तोंडावर फाईल धरली. फाईल हलत होती. खाली आली तेव्हा डोळे ओले होते आणि चेहरा मोठ्या मुश्किलीनं गंभीर.

"गोळ्या घेतल्या असत्या तरी थोडी झीज झालीच असती," ती म्हणाली. "पण एवढी नाही. आता ऐका. गेलेली उंची परत येणार नाही, हे खोटं सांगत नाही. पण आहे ती राखता येईल. वर्षातनं एकदा शिरेतनं औषध देऊ. गोळ्या तुम्ही खायच्या, म्हशीनं नाही. दूध सोसत नाही तर दही खा, ताक प्या, थोडं थोडं. नाचणी खा. पट्टा बांधायचा. कळ कमी झाली की रोज चालायचं. चाललं की हाड धरतं. वजन उचलायचं नाही. आणि पडायचं नाही. खुब्याचं हाड मोडलं तर मग खरंच खाट."

"आनि पाडव्याला म्हशीबरोबर?"

डॉक्टर आजऱ्याची असली तरी कोल्हापुरात पाडव्याला काय चालतं ते तिला माहीत होतं. "पळायचं अजिबात नाही."

"चालू?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "हात धरायला कुणी तरी असेल तर. पडला नाहीत तर."

बोळात ही बातमी नजीरानं पोचवली, म्हणजे बोळाला काही कमी पडलं नाही. 'हाडात उतरला' म्हणणाऱ्या बायका 'जिलबीत उतरला' म्हणायला लागल्या. आकारामच्या मिशीची गोष्ट दोन दिवसांत जुनी झाली.

पण शब्द शब्दच होता. हंबीरराव खाली मान घालून म्हणाला, "आई, बोलून गेलोय. आता माघारी कसा फिरू?"

चिमणाबाईनं आकारामला दारात बोलावलं. पट्टा बांधून, भिंतीला टेकून उभी राहिली. "शब्द माझ्या पोराचा हाय. म्हैस माझी हाय. तू न्हे की तिला पाडव्याला. दावं न लावता. हाक मारून तुझ्या मागनं आली तर तुझी. न्हाई आली तर परत हिकडं बघायचं न्हाई."

"काकी, एका म्हशीसाठी एवढं?"

"म्हैस?" चिमणाबाई म्हणाली. "दोन वर्सं माझी हाडं खाल्ल्यात तिनं. ते पाय बघितलास? माझं हायत ते. ती दिली तर मी कशावर उभी ऱ्हाऊ?"

आकारामला यात काही धोका दिसला नाही. म्हैस मालकाच्या हाकेला येते हे खरं, पण पाडव्याला ती पळते मोटरसायकलच्या मागं. गवळी सायलेन्सर काढून गाडी फाडफाड वाजवत पुढं, म्हैस शेपटी वर करून मागं. चिमणाबाईला तर चार पावलं टाकताना भिंत लागत होती. तो रोज संध्याकाळी जिलबीला सरकी पेंड आणून घालू लागला आणि कानाला सवय व्हावी म्हणून गोठ्याबाहेर गाडी रेस करू लागला. जिलबीनं पेंड खाल्ली. गाडीच्या आवाजाचा परिणाम एवढाच झाला की नेमकं त्याच वेळी ती शेण टाकायची.

चिमणाबाई गोळी गिळत होती. नाचणीची आंबील घोटघोट घेत होती. बाबालालनं आपल्या मटणाच्या दुकानातनं नळ्या धाडल्या, नजीरानं त्यांचा रस्सा करून वरची चरबी काढून चमच्यानं भरवला. "हाडानं हाड वाढतंय," नजीरा म्हणायची. वाढतं की नाही कुणास ठाऊक, पण भरवताना ती जी भांडायची त्यानं चिमणाबाईला तरतरी यायची.

गणपती गेले, कळ ओसरली. तशी चिमणाबाई रोज सकाळी चालायला निघाली. पहिल्यांदा बोळाच्या तोंडापर्यंत. मग रस्त्याच्या वळणापर्यंत. दसऱ्यानंतर पंचगंगेच्या घाटापर्यंत. एका अंगाला नजीरा, दुसऱ्या अंगाला जिलबी, मोकळी. चिमणाबाई थांबली की जिलबी थांबायची. दम खाऊन ती "ये गं, बये" म्हणाली की जिलबी पाऊल उचलायची. पाठ आता पुढं वाकली होती ती वाकलीच. बघणारे म्हणायचे, म्हातारी म्हशीला फिरवते का म्हैस म्हातारीला?

पाडवा उजाडला. त्या दिवशी चिमणाबाईच्या पाठीत सकाळपासून ठणका होता. तिनं कुणाला सांगितलं नाही. जिलबीला न्हाऊ घातलं क्रांतीनं, शिंगं रंगवली हंबीररावनं, गळ्यात कवड्यांची माळ, पायात घुंगरू, कपाळावर मोरपीस. गवळी म्हशीच्या अंगावरचे केस कातरून नक्षी काढतात, तालमीची, मंडळाची, आवडत्या पुढाऱ्याची नावं काढतात. चिमणाबाईनं कातरणाऱ्याला एकच शब्द सांगितला. जिलबीच्या डाव्या कुशीवर मोठ्या अक्षरात तो उमटला: कॅल्शियम.

रस्त्यावर ही गर्दी. हलगी, गुलाल, फटाके, गाड्यांचा धूर. चिमणाबाई धुवट लुगड्यावर कमरेचा पट्टा बांधून कडेला उभी. बाबालालनं विचारलं, "काय चिमणाबाई, लढाईला निघालाय काय?"

"निघाली न्हाई. आलीय," ती म्हणाली, पण नजीराच्या दंडावरची तिची पकड घट्ट झाली होती. ती पडायला भीत नव्हती, म्हणजे भीत होती, पण त्याची तयारी होती. ज्याची नव्हती ते वेगळंच. जनावर आहे शेवटी. पेंडीला भुललं तर?

आकाराम आला. नवा फेटा, मिशी काळीभोर. गाडी सुरू केली, कान बधिर झाले. मागं वळून त्यानं आरोळी दिली, "चल गं जिलबे, हुर्र!"

जिलबीनं मान उचलली. कान टवकारले. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. चिमणाबाईनं डोळे मिटले.

गाडी सुटली. आकारामनं उजवा हात हवेत उंचावला. लोकांनी असा काही ओरडा केला, शिट्ट्या मारल्या, की आकारामची छाती भरून आली. त्यानं दुसराही हात क्षणभर सोडला आणि दोन्हीकडं नमस्कार केले. लोक हसत होते, ते त्याला कौतुक वाटलं. पार पुढच्या चौकापर्यंत तो असाच नमस्कार करत गेला. तिथं एका पोरीनं त्याला विचारलं, "मामा, म्हस कुठाय?"

म्हैस मागं रस्त्याच्या मधोमध उभी होती, मान वळवून, कडेच्या म्हातारीकडं बघत. रोजचं माणूस आज चालत का नाही, असा तिचा चेहरा.

नजीरानं चिमणाबाईच्या बरगडीला बोट लावलं, जरा जपून. "उघड की डोळं."

चिमणाबाईनं बघितलं. मग ती रस्त्यात उतरली. "ये गं, बये."

आणि पाडव्याच्या त्या धुमश्चक्रीत, जिथं म्हशी वाऱ्यासारख्या पळवायच्या, तिथं एक म्हैस निघाली पावलापावलानं. पुढं वाकलेली म्हातारी, पट्ट्यातली. मागं डोंगराएवढं जनावर, नाक तिच्या खांद्याशी. रस्ता सगळा त्यांचा. मागच्या म्हशी तुंबल्या, गाड्या भरभर वाजू लागल्या. बाहेरगावचा एक बघ्या ओरडला, "आजी, जरा बाजूला व्हा की."

"पावणं, कुठलं तुम्ही?"

"जयसिंगपूरचा."

"मग कसली घाई? यष्ट्या हायत रातपातूर."

चौकाच्या अलीकडं कुणी तरी फटाक्यांची माळ लावली ती थेट पायाजवळ फुटली. मागची एक म्हैस उधळली, लोक सैरावैरा पळाले, आणि धक्क्यानं नजीराचा हात सुटला. चिमणाबाई कलंडली. एक पाय हवेत. त्या क्षणी तिला फक्त 'खुबा' हा शब्द आठवला. हात काही तरी धरायला गेला आणि शिंगाच्या वेटोळ्यात अडकला. जिलबीनं पाय रोवले. दोन वर्षांच्या गोळ्यांचे ते पाय, तसूभर हलले नाहीत. चिमणाबाई शिंगाला लोंबकळल्यासारखी झाली, मग सरळ उभी राहिली, म्हणजे तिला जेवढं सरळ राहता येत होतं तेवढी. चेहरा पांढराफटक. कपाळावर घाम. ते नजीरानं तेवढं बघितलं. बाकीच्यांना वाटलं, म्हातारीनं ऐटीत शिंग धरलं. टाळ्या पडल्या.

"घरला जाऊया?" नजीरानं कानात विचारलं.

"घाटापातूर जायाचं. रोज जातोय तेवढंच," चिमणाबाई म्हणाली. "आज काय सूट हाय?"

घाटावर जाऊन, घटकाभर बसून, त्याच चालीनं त्या परत आल्या. ओट्यावर आकाराम बसला होता, फेटा मांडीवर. लाजला होता, पण निघून गेला नव्हता, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. "काकी," तो म्हणाला, "म्हैस तुमची. पर मला एक सांगा, त्या गोळ्या कुठल्या दुकानात मिळत्यात? माझ्या सहाबी म्हशी..."

"डॉक्टरीण देती. पैलं पोट काढून घ्यावं लागतंय," चिमणाबाई म्हणाली आणि दावं घेऊन गोठ्यात गेली.

सगळे तिच्या मागनं गेले. ती खुंटीखाली उभी राहिली. हात वर केला. खुंटी होती तिथंच होती, वीतभर वर. हंबीरराव पुढं झाला. "आन आई, मी अडकवतो."

"हात लावू नको."

"अगं पर पुरत न्हाई तुला."

"म्हाईत हाय. पहार आन. खुंटी खाली घे."

हंबीरराव घुटमळला. "आबांनी ठोकलेली खुंटी हाय, आई. त्यांच्या हातची."

"तुझा आबा उंच हुता. मी बी हुती. आता न्हाई. गेलेली उंची येत न्हाई म्हंती डॉक्टरीण, मग खुंटीनं खाली यावं," चिमणाबाई म्हणाली. "मी काय इतक्यात वर जानार न्हाई."

हंबीररावनं पहार लावली. जुन्या भिंतीतली खुंटी सहज थोडीच सुटते. येताना मातीचा ढेपा घेऊन आली आणि भिंतीला कोनाड्याएवढं खिंडार पडलं. खुंटी खाली ठोकली. चिमणाबाईनं पाठ फिरवली, हात मागं टाकला आणि न बघता दावं अडकवलं.

वरचं खिंडार तिनं बुजवू दिलं नाही. तिथं आता क्रांती गोळ्यांची डबी ठेवते. म्हातारीचा हात तिथवर पोचत नाही, आणि जिलबीचं तोंडही. सकाळ-संध्याकाळ क्रांती स्टूल घेऊन चढते, गोळी काढते, सासूच्या हातावर ठेवते आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहते. गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावते.

चिमणाबाई तोंड उघडते. एकदा उघडलं की मग ते लवकर मिटत नाही, ही गोष्ट वेगळी.